दोरी लावलेल्या इमारतीत सामान काढण्यासाठी प्रवेशाची परवानगी कशी मिळवावी

इमारतीचा भाग कोसळल्यावर किंवा आग लागल्यावर ती रिकामी केली जाते, प्रवेशद्वाराशी दोरी बांधली जाते आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या रहिवाशाला आतली औषधे, मुलांची प्रमाणपत्रे, कपाटातले दागिने आठवू लागतात. ही परवानगी मिळू शकते, पण दोरीपाशी उभ्या असलेल्या हवालदाराच्या हाती ती नसते, त्यामुळे त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मुंबईतील जुन्या चाळींच्या रहिवाशांसाठी असे अर्ज मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे आणि प्रत्येक वेळी कोणीतरी सांगतेच की, एखाद्या पुढाऱ्याला फोन करा, तो आत सोडायला लावील. हा सल्ला जिवावर बेतणारा आहे, कारण पुढाऱ्याच्या शब्दाने तुळईला टेकू लागत नाही.

प्रथम निर्णय कोणाचा आहे ते ठरवावे. आगीनंतर अग्निशमन दलाचे शीतकरणाचे काम संपेपर्यंत कोणाकडेही अर्ज करून उपयोग नाही. वरून विझलेली आग आत धुमसत असते. जीवितहानी झाली असेल तर पंचनामा उरकेपर्यंत जागा पोलिसांच्या ताब्यात असते आणि तपास अधिकाऱ्याची लेखी संमती लागते. त्यानंतर, शहर भागातील उपकरप्राप्त इमारत (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जावे, अन्य खासगी इमारतींसाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयातील इमारत व कारखाने विभागाकडे. आपले विभाग कार्यालय कोणते हे माहीत नसल्यास महापालिकेच्या 1916 या दूरध्वनी क्रमांकावर विचारावे. भिंतीवर मुंबई महापालिका अधिनियम, 1888 च्या कलम 354 ची, म्हणजे इमारत धोकादायक असल्याची नोटीस चिकटवली असेल तर तिचे छायाचित्र घ्यावे. तिचा क्रमांक अर्जात लागतो.

ओळखपत्र आणि भाडेपावती किंवा वीजबिल जोडावे. कागद आत अडकले असतील तर आधार डिजिलॉकरमधून आणि बिल वीज कंपनीकडून पुन्हा मिळते.

खरी कसोटी अर्जाच्या मजकुराची आहे आणि माझेही सुरुवातीचे अर्ज इथेच अडकले होते. सही करणाऱ्या अभियंत्यापुढे एकच प्रश्न असतो: आत गेलेल्या माणसाच्या अंगावर छत आले, तर आपण परवानगी कशाच्या आधारावर दिली, याचे उत्तर काय द्यायचे? ‘आमचे सामान आत आहे, तरी प्रवेश मिळावा, ही विनंती’ एवढ्याच अर्जात त्याला ते उत्तर सापडत नाही, म्हणून तो कागद फाइलीत पडून राहतो. त्याला सही करता येईल इतका लहान आणि नेमका धोका आपण कागदावर मांडला पाहिजे. एक खोली, एक किंवा दोन माणसे, ठरावीक मिनिटे आणि मोजक्या वस्तू. उदाहरणार्थ: ‘दुसरा मजला, खोली क्रमांक 14. दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला खिडकीलगत लोखंडी कपाट, त्याच्या खालून दुसऱ्या कप्प्यात निळी फाइल आणि औषधांचा डबा. मागील जिन्याने एक व्यक्ती जाईल, दहा मिनिटांत परत येईल.’ सोबत हाताने काढलेला नकाशा जोडावा आणि पडझड कोणत्या बाजूला झाली आहे ते त्यावर दाखवावे. फ्रिज, पलंग, धुलाई यंत्र यांचा उल्लेखही करू नये. खिळखिळ्या लाकडी जिन्यावरून असे ओझे उतरवण्यास कोणताही जबाबदार अभियंता मान्यता देणार नाही, आणि त्या यादीपायी औषधांचा डबाही आतच राहील.

साऱ्या चाळीच्या सह्यांचा एकच अर्ज देण्याची आपल्याकडे हौस आहे. तो देऊ नये. वरच्या मजल्यावरील एका खोलीचा धोका साऱ्यांच्या वाट्याला येतो आणि सगळेच नाकारले जाते. रहिवासी संघाचे एक पत्र आणि त्याला जोडलेला प्रत्येक खोलीचा स्वतंत्र कागद, अशी मांडणी केली की तळमजल्याला मान्यता आणि तिसऱ्याला नकार देणे अभियंत्याला शक्य होते. ‘स्वतःच्या जबाबदारीवर जातो’ असे हमीपत्र मागितल्यास वाचून द्यावे, परंतु त्याच्या जोरावर वाद घालू नये, कारण मुद्रांक कागदाने भिंतीचा तडा बुजत नाही.

अर्जातच आधी पाहणीची आणि सुरक्षित मार्ग आखून देण्याची मागणी करावी. पाहणीनंतर मुसळधार पाऊस झाला, तर मिळालेली परवानगी रद्द समजून पुन्हा पाहणी मागावी, मग कोणी कितीही घाई करो. भिजलेल्या विटांची भिंत जड होते आणि तिची ताकद घटते. जुलै 2020 मध्ये फोर्टमधील भानुशाली इमारतीचा भाग कोसळला तोही पावसाळ्यातच. प्रवेश नाकारला गेला तर अग्निशमन दलाच्या जवानांकरवी वस्तू काढून देण्याची लेखी विनंती करावी. कपाटाच्या कप्प्यापर्यंत लिहिलेले वर्णन तेव्हा उपयोगी पडते. अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी ‘बघतो’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी रजेवर असतो आणि त्याच्या जागी आलेल्याला आपली काहीच माहिती नसते.

प्रवेशाच्या दिवशी परवानगीची प्रत, कपाटाची किल्ली, बॅटरी, जाड तळव्याचे बूट आणि हेल्मेट सोबत असावे. वीज आणि गॅस मुख्य जोडणीवरच बंद केल्याचे अधिकाऱ्याकडून वदवून घ्यावे, आत एकही बटण दाबू नये, काडी पेटवू नये. दिसलेली दुसरी मौल्यवान वस्तू उचलण्यासाठी शेजारच्या खोलीत शिरू नये. बाहेर आल्यावर आणलेल्या वस्तूंची यादी पोलिसांच्या नोंदीत लिहवून सही करावी आणि तिचे छायाचित्र घ्यावे. काही राहिले असल्यास त्याच परवानगीवर पुन्हा आत न जाता नवा अर्ज द्यावा आणि त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक नमूद करावा.