रिव्हर्समध्ये गाडी लावताना: खांदा कुठे थांबवायचा, आरसा कुठे वळवायचा

मॉलच्या बेसमेंटमध्ये किंवा सोसायटीच्या स्टिल्टखाली गाडी नाकाने आत घातली की दोन मिनिटं वाचतात आणि निघताना ती व्याजासकट द्यावी लागतात. रिव्हर्स एकदा तरी घ्यायचाच आहे, प्रश्न फक्त कुठे घ्यायचा एवढाच. आत शिरताना घेतला तर मागे भिंत, खांब आणि शेजारच्या दोन उभ्या गाड्या असतात. यातलं काहीच हलत नाही. निघताना लेनमध्ये घेतला तर मागून स्कूटर येते, ट्रॉली ढकलणारं कुटुंब येतं, चेंडूमागे पोरगं येतं, आणि तुम्ही हेडरेस्ट आणि गाडीच्या मागच्या खांबांच्या फटीतून ते शोधत असता.

दुसरं कारण गाडीच्या रचनेतलं. वळणारी चाकं पुढची असतात. शेपूट आधी आत घातलं की वळणारं टोक बाहेर, मोकळ्या लेनमध्ये राहतं, म्हणून ज्या जागेत नाकाने शिरायला तीनदा मागेपुढे करावं लागतं तिथे रिव्हर्समध्ये एका फटक्यात काम होतं. लायसन्सच्या चाचणीतही हे अपेक्षित आहे. सेंट्रल मोटर व्हेइकल्स रूल्स, १९८९ च्या नियम १५ नुसार उमेदवाराला गाडी मागे घेऊन अरुंद जागेत, डावीकडे किंवा उजवीकडे, ताब्यात ठेवून बऱ्यापैकी अचूक नेता आली पाहिजे. प्रत्यक्षात मात्र चाचणी संपली की बरेच जण हे विसरतात.

जागा निवडताना

आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या हाताची जागा सोपी. काच खाली करून मागचं चाक आणि रेष थेट दिसते. डावी बाजू पूर्णपणे आरशावर अवलंबून. हात बसेपर्यंत उजवीकडचीच जागा शोधावी, त्यात कमीपणा नाही.

बेसमेंटमध्ये वर बघायला विसरू नका. स्लॅबमधून झिरपणारं पाणी काँक्रीटमधला चुना घेऊन खाली येतं. ते बॉनेटवर सुकलं की पांढरे डाग पडतात आणि नुसत्या धुण्याने जात नाहीत. रिकाम्या जागेच्या फरशीवर पांढरट ओघळ किंवा खडबडीत ठिपके दिसले, तर ती जागा रिकामी का राहिली ते कळतं.

रेषा तिरक्या असतील तर रिव्हर्सचा हट्ट सोडा. ती जागा लेनच्या दिशेने नाकाने शिरण्यासाठीच आखलेली असते आणि उलटं लावलं तर निघताना प्रवाहाच्या विरुद्ध तोंड येतं. भिंतीपलीकडे तळमजल्यावरच्या घराची खिडकी असेल तरीही नाक आत घाला, नाहीतर सकाळी थंड इंजिनाचा सगळा धूर कोणाच्या तरी बेडरूममध्ये जाईल. महिन्याचा किराणा डिकीत भरायचा असेल तेव्हाही नाक आतच बरं. मागे भिंत असली की डिकीचं दार पूर्ण उघडत नाही.

उजवीकडच्या जागेत शिरणं

आधी गाणी बंद आणि उजवी काच खाली. डावा आरसा इतका खाली वळवा की मागचं चाक जमिनीला टेकतं ती जागा दिसेल आणि मागच्या दाराचं हँडल आरशाच्या वरच्या कडेला येईल. बेस मॉडेलमध्ये आरशाला आतून फिरवायची दांडी असते. डावीकडची दांडी बसल्या जागेवरून हाताला येत नाही, म्हणून हे काम लेनमध्ये शिरण्याआधीच उरका.

जागेच्या बाजूचा इंडिकेटर लावा. हॅझर्ड लावायची सवय खूप जणांना आहे, पण चारही दिवे लुकलुकले तर मागच्याला तुम्ही कुठे वळणार ते कळत नाही. जागा डोळ्यासमोरून जाताना आत नीट बघून घ्या: बुटका खांब, व्हील स्टॉपर, उभी केलेली सायकल, झोपलेलं कुत्रं.

उभ्या गाड्यांपासून साधारण दीड मीटर अंतर ठेवून सरळ पुढे जा. रिकाम्या जागेनंतरची पहिली जागा ओलांडा आणि दुसरीच्या मध्यावर तुमचा खांदा आला की थांबा. लहान हॅचबॅक असेल तर मध्याच्या जरा अलीकडे, मोठी एसयूव्ही असेल तर बरोबर मध्यावर. हा हिशेब हवेतला नाही. पूर्ण कट मारल्यावर हॅचबॅकचा मागचा अॅक्सल साधारण ३.४ मीटर आणि मोठ्या गाडीचा ३.८ मीटर त्रिज्येत फिरतो. ड्रायव्हरचा खांदा त्या अॅक्सलच्या सव्वा मीटर पुढे असतो. अडीच मीटर रुंदीच्या जागा धरून बेरीज केली की खांदा दुसऱ्या जागेच्या मध्याच्या आसपासच येतो. रेषा नसतील तर दोन गाड्या मोजा, काम तेच.

पूर्ण थांबून रिव्हर्स गिअर टाका. मॅन्युअलमध्ये गाडी सरकत असताना टाकला तर कर्रर्र वाजतो. ऑटोमॅटिकमध्ये आवाज येत नाही, म्हणून लोक बिनधास्त टाकतात आणि भार गिअरबॉक्सवर येतो. मागचे पांढरे दिवे लागल्यावर दोन सेकंद तसेच थांबा. पुण्यात तर हमखास, त्या दोन सेकंदांत एखादी दुचाकी मागून सुळकन निघून जाते.

आता हाफ क्लचवर गाडी हलू द्या आणि हलतानाच स्टेअरिंग उजवीकडे फुल कट मारा. उभ्या गाडीत स्टेअरिंग पिळू नका. टायर एकाच जागी घासतात आणि स्टेअरिंगच्या जोडांवर नाहक ताण येतो. पहिल्या दोन-तीन फुटांत नजर उजव्या मागच्या चाकावर आणि शेजारच्या गाडीच्या कोपऱ्यावर ठेवा. तिथे एक-दोन वीत फट राहिली पाहिजे. मग लगेच पुढे, डावीकडे बघा. शेपूट उजवीकडे आत जातं तेव्हा नाकाचा डावा कोपरा जवळपास एक मीटर बाहेर फिरतो. मागे बघण्याच्या नादात समोरच्या रांगेतल्या गाडीचा बंपर जातो तो इथेच.

दोन्ही आरशांत तुमची बाजू आणि रेष समांतर दिसली की स्टेअरिंग सरळ करा. बहुतेक गाड्यांत फुल कटपासून सरळ यायला साधारण दीड फेरा लागतो. मग सरळ मागे, मुंगीच्या पावलांनी.

डावीकडच्या जागेसाठी मापं तीच, फक्त कोपरा डाव्या आरशात बघायचा आणि नाक उजवीकडे फिरणार.

काय चुकतं? कट उशिरा मारला तर गाडी पलीकडच्या बाजूला जाते आणि डावा मागचा कोपरा तिथल्या गाडीवर येतो. उपाय: थांबा, स्टेअरिंग सरळ करा, मीटरभर पुढे या, पुन्हा घ्या. कट लवकर मारला तर उजवं मागचं दार अलीकडच्या गाडीच्या कोपऱ्याला घासायला जातं. तेव्हा पुढे यायची गरज बहुतेक वेळा नसते. मागे जातानाच स्टेअरिंग क्षणभर सरळ सोडा, गाडी तिरकी मागे सरकते, कोपऱ्यापासून लांब जाते, मग परत कट मारा. आणि घासायला लागलंच असेल तर तिथेच थांबा. घाबरून उलटा कट मारून पुढे काढली की छोट्या ओरखड्याची दारभर रेघ होते.

लेन चार मीटरपेक्षा अरुंद असेल तर सरळ पुढे जाऊन चालत नाही, कारण नाक फिरायला जागाच नसते. स्टिल्टखाली हे नेहमीचं. तिथे जागेजवळून जातानाच नाक विरुद्ध बाजूला तिरकं काढा, म्हणजे शेपूट आधीच जागेकडे वळतं आणि रिव्हर्समध्ये अर्धाच कट पुरतो.

सेन्सर, कॅमेरा आणि वॉचमन

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक आहेत. पण सेन्सर म्हणजे ध्वनिलहरींचा प्रतिध्वनी. बारीक लोखंडी पाइप, साखळी, बंपरच्या उंचीखालचा कठडा आणि वरून लोंबणारी पाण्याची पाइप त्याला नीट कळत नाही. साधारण फूटभर अंतर राहिलं की आवाज सलग होतो. त्यानंतर अजून किती जागा आहे हे तो सांगत नाही.

कॅमेऱ्याची लेन्स रुंद कोनाची असल्यामुळे भिंत खरी आहे त्याहून लांब वाटते. पावसाळ्यात लेन्सवर चिखलाचा थर बसतो, म्हणून रोज निघताना बोटाने पुसा. स्क्रीनवरच्या रेषा स्टेअरिंगबरोबर वळत नसतील, तर त्या फक्त गाडी सरळ असतानाच खऱ्या. कुठल्याही परिस्थितीत सगळा वेळ स्क्रीन बघत मागे जाऊ नका. नाकाचा कोपरा स्क्रीनवर नसतो.

वॉचमन 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत बरोबर गाडीच्या मागे उभा राहतो. त्याला आधी बाजूला, उजव्या आरशात दिसेल असं उभं करा. दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे, हा नियम त्यालाही सांगून ठेवा. थांबायचा इशारा म्हणजे वर केलेला हात किंवा डिकीवर थाप. 'बस्स' हा शब्द बेसमेंटच्या घुमाऱ्यात 'येऊ द्या'सारखाच ऐकू येतो. आणि धडकलंच तर जबाबदारी स्टेअरिंगवरच्या माणसाची, वॉचमनवर ओरडून काही होत नाही.

सोसायटीत संध्याकाळी मुलं खेळत असतील तर आधी गाडीभोवती एक चक्कर मारा. बसलेलं लहान मूल कुठल्याच आरशात येत नाही. थंडीत मांजरं चाकाच्या वरच्या पोकळीत शिरतात, बॉनेटवर दोन थापा मारल्या की बाहेर पडतात.

जागेत कुठे उभी करायची

अडीच मीटरच्या जागेत पावणेदोन मीटरची गाडी मधोमध लावली तर दोन्ही बाजूंना सदतीस-अडतीस सेंटिमीटर राहतात. एवढ्यात सडपातळ माणूसही दार वाचवून उतरू शकत नाही. एकटेच असाल तर डावीकडे वीतभर सोडा आणि उरलेली जागा उजवीकडे घ्या, पण रेषेच्या आतच. डावीकडची गाडी नाकाने आत लावलेली असेल तर तिची पॅसेंजर बाजू तुमच्या पॅसेंजर बाजूला येते आणि हे दोघांनाही परवडतं. उजवीकडची नाकाने आत असेल तर दोन्ही ड्रायव्हरची दारं समोरासमोर येतात. तिथे कंजुषी करू नका. डावीकडचाही तुमच्यासारखाच उलटा लावलेला असेल, तर त्याची ड्रायव्हरची बाजू तुमच्याकडे आहे हे ध्यानात ठेवा. पॅसेंजर असतील तर त्यांना आधी लेनमध्येच उतरवा, मात्र चालत्या लेनच्या बाजूने नव्हे.

मागे भिंतीपासून फूटभर पुरे. नाक रेषेबाहेर ठेवू नका, समोरच्या गाडीचं वळणं तुमच्या बंपरवर अवलंबून असतं. मग आरसे मिटा, हँडब्रेक लावा आणि इंजिन बंद करा. एसी लावून बेसमेंटमध्ये कोणाची वाट बघत बसणं हा त्रासच नाही, धोकाही आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कोणाची जागा?

जागेच्या पुढे जाऊन इंडिकेटर लावून थांबलेली गाडी रिव्हर्स घेणार आहे. मागून येऊन नाक घुसवणं म्हणजे सरळसरळ जागा चोरणं. अशा गाडीच्या मागे दीड गाडीचं अंतर सोडून थांबा, हॉर्न वाजवू नका. उलट बाजूने, तीन प्रयत्नांत जमत नसेल आणि मागे रांग लागली असेल, तर बाहेर या, त्यांना जाऊ द्या, मग निवांत घ्या. माणूस उभा करून जागा अडवणं बरोबर नाही, मग तो माणूस तुमची आजी का असेना.

जागा कमी असलेल्या सोसायट्यांत रांगेसमोर आडवी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला ढकलता येते. ही सोय फक्त अगदी सपाट फरशीवर. स्टेअरिंग सरळ ठेवा, डॅशबोर्डवर फोन नंबर ठेवा, आणि ढकलणाऱ्याने गाडी खांबाला नव्हे तर दुसऱ्या मोकळ्या जागेला न्यावी. पुश-बटणाच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या बंद केल्या की आपोआप पार्कमध्ये जातात आणि ढकलल्या जात नाहीत. तशी गाडी आडवी लावायचीच नाही.

कोणाची गाडी घासली आणि मालक जवळ नसेल तर नंबर आणि फ्लॅट क्रमांक वायपरखाली ठेवा, दोन्ही गाड्यांचे फोटो काढा आणि वॉचमनच्या वहीत नोंद करा. दुरुस्तीच्या खर्चावर वाद घालण्याआधी ओरखडा ओल्या कापडाने पुसून बघा. बऱ्याचदा दिसतो तो दुसऱ्या गाडीचा वर बसलेला रंग असतो आणि पॉलिशने निघतो. नख फिरवल्यावर अडकलं, तरच पेंटिंगचा विषय.