ॲस्टरिस्कमध्ये न वाजणारा स्वागतसंदेश

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानासाठी मी ॲस्टरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरवर फोनव्यवस्था बसवली, तेव्हा ध्वनिमुद्रित स्वागतसंदेश संगणकावर स्वच्छ वाजत असूनही फोन करणाऱ्याला नुसती शांतता ऐकू येत होती. फाइलचे नाव आणि परवानग्या तपासण्यात अख्खी दुपार गेली. अखेर लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींत, ४४१०० आणि ८००० हे आकडे एकाच ओळीत दिसले: माझ्या फाइलमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४१०० नमुने होते, अपेक्षित होते ८०००. ‘वेव्ह’ हा फाइलप्रकार केवळ वेष्टन असतो; आतला आवाज वेगवेगळ्या प्रकारे साठवलेला असू शकतो. ॲस्टरिस्कला साधी वेव्ह फाइल ८००० हर्ट्झ (सेकंदाला ८००० नमुने), १६ बिट आणि मोनो (एकाच वाहिनीची) अशीच लागते, हे मी आधीच पाहायला हवे होते. सॉक्स या ध्वनिफाइली बदलणाऱ्या प्रोग्रामने रूपांतर केले. टेलिफोनवर जाणाऱ्या आवाजाचा वारंवारतेचा पट्टा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच असल्याने आवाज थोडा दबला, तरी ‘दरासाठी एक दाबा’ हे शब्द स्पष्ट ऐकू आले.