रिमोट डेस्कटॉपनंतर ब्राउझर नीट दिसत नसेल तर

घरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या संगणकावर काम केले आणि नंतर प्रत्यक्ष त्याच संगणकासमोर येऊन लॉग इन केले की उघडा राहिलेला ब्राउझर विचित्र दिसतो, ही तक्रार नेहमीची आहे. टॅबच्या पट्टीच्या जागी काळा आयत दिसतो, पान खाली सरकवले तरी आधीच्या मजकुराचे तुकडे तसेच राहतात, मेनू उघडतो पण त्यातली नावे माउस वरून फिरवल्याशिवाय उमटत नाहीत. यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करणे. म्हणजे ब्राउझरने पाने रेखाटण्यासाठी ग्राफिक्स कार्डाची मदत घेणे थांबवणे. तो उपाय लागू पडतो, पण ब्राउझरचे ते सगळे काम प्रोसेसरवर टाकून, आणि तेही पर्याय पुन्हा चालू करेपर्यंत. म्हणून तो शेवटी करावा.

हे का घडते ते आधी समजून घ्यावे. रिमोट डेस्कटॉपची विंडो फुलीवर क्लिक करून बंद केली, तर आपण साइन आउट होत नाही. फक्त जोडणी तुटते आणि उघडे प्रोग्रॅम चालूच राहतात. रिमोट सत्रात विंडोज खऱ्या मॉनिटरऐवजी एक आभासी डिस्प्ले वापरते, ज्याचे रिझोल्यूशन आणि स्केलिंग (अक्षरे व चिन्हे किती मोठी दिसावीत याचे प्रमाण) घरच्या लॅपटॉपप्रमाणे ठरलेले असते. ऑफिसात परत लॉग इन केल्यावर तेच सत्र खऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे आणि मॉनिटरकडे वळते. अशा वेळी ब्राउझरने आपली चित्रणाची सामग्री नव्याने मांडायला हवी; ते अर्धवट झाले की वर सांगितलेले दोष दिसतात.

दोष कुठे आहे हे ठरवण्यासाठी विंडोज, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबून बिघडलेल्या भागाचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर पाहावा. काळा आयत चित्रातही आला असेल, तर गडबड ब्राउझरमध्ये किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे. चित्र स्वच्छ असेल, तर मॉनिटर, केबल किंवा रिझोल्यूशनकडे पाहावे, कारण मग ब्राउझरच्या सेटिंग्ज बदलून काहीही साधणार नाही.

अक्षरे केवळ मोठी, लहान किंवा धूसर दिसत असतील, तर प्रश्न सहसा स्केलिंगचा असतो. कंट्रोल आणि शून्य दाबून पानाचा झूम मूळ स्थितीत आणावा. नंतर सेटिंग्जमधील सिस्टम आणि त्यातील डिस्प्ले या पानावर स्केल किती टक्के आहे आणि रिझोल्यूशन शिफारस केलेलेच आहे का, हे तपासावे. घरच्या लॅपटॉपवर १५० टक्के आणि ऑफिसच्या मॉनिटरवर १०० टक्के असा फरक असेल, तर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडल्यावर अक्षरे बहुधा ठीक होतात.

काळे ठिपके, पांढरी विंडो किंवा चिकटून राहिलेले तुकडे यांसाठी सर्वांत नेमका आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय ब्राउझरच्या स्वतःच्या टास्क मॅनेजरमध्ये आहे. क्रोम किंवा एज समोर असताना शिफ्ट आणि एस्केप दाबावे. उघडणाऱ्या यादीत प्रत्येक टॅबची स्वतंत्र नोंद असते आणि त्यांतच जीपीयू प्रोसेस (ब्राउझरचे ग्राफिक्सचे काम सांभाळणारा भाग) नावाची एक ओळ असते. ती निवडून प्रोसेस संपवण्याचे बटण दाबावे. पडदा क्षणभर लुकलुकतो, ती प्रोसेस आपोआप पुन्हा सुरू होते आणि सर्व पाने नव्याने रेखाटली जातात. टॅब बंद होत नाहीत आणि अर्धवट भरलेला फॉर्मही जात नाही. मात्र थोड्या वेळात हे वारंवार करू नये, कारण जीपीयू प्रोसेस पुन्हापुन्हा बंद पडते असे दिसल्यास क्रोम ग्राफिक्स कार्डाचा वापर थांबवतो.

ब्राउझरबरोबर इतर प्रोग्रॅमही बिघडलेले दिसत असतील, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होतो, पण उघडे प्रोग्रॅम बंद होत नाहीत. तरीही फरक पडला नाही, तर काम जतन करून साइन आउट व्हावे आणि पुन्हा लॉग इन करावे. केवळ पडदा लॉक करून उघडणे पुरेसे नाही, कारण त्यात जुनेच सत्र पुढे चालू राहते.

दोष दर वेळी परत येत असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर संगणकाच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावा. ऑफिसच्या संगणकावर ही परवानगी बहुधा आयटी विभागाकडे असते. त्यांना स्क्रीनशॉट, ब्राउझरची आवृत्ती आणि दोष रिमोट सत्रानंतरच दिसतो ही माहिती एकत्र द्यावी, म्हणजे तपास पहिल्यापासून करावा लागत नाही. रोजच्या वापरात आणखी एक सवय उपयोगी पडते: घरून काम संपले की रिमोट सत्रातला ब्राउझर बंद करावा आणि शक्य असेल तेव्हा साइन आउट व्हावे.

एवढे करूनही सुटका झाली नाही, तरच क्रोमच्या सेटिंग्जमधील सिस्टम या भागात जाऊन हार्डवेअर म्हणजेच ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशनचा पर्याय बंद करावा आणि ब्राउझर पुन्हा सुरू करावा. एजमध्येही सिस्टमविषयीच्या सेटिंग्जमध्ये तसाच पर्याय आहे. फायरफॉक्समध्ये मात्र जनरल या पानावरील परफॉर्मन्स भागात शिफारस केलेल्या सेटिंग्जची खूण आधी काढावी लागते; त्यानंतरच हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनची चौकट दिसते. पर्याय बंद ठेवल्यावर व्हिडिओ अडखळू शकतात, नकाशे जड वाटू शकतात आणि लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरू शकते, म्हणून ड्रायव्हर किंवा ब्राउझरची नवी आवृत्ती आल्यानंतर तो पुन्हा चालू करून पाहावा.