तिसरा पॉड पेंडिंग का राहिला?

सोलापुरात राहून क्लाउडचं काम शिकता येतं का, असं कॉलेजातली पोरं नेहमी विचारतात. येतं. मी होटगी रोडवरच्या घरीच शिकलो. ॲप कंटेनर नावाच्या डब्यात बंद करून चालवणारं डॉकर येत असेल तर अर्धी वाट झालीच म्हणून समजा.

माझं पहिलं खरं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं होतं. त्यांचं ऑर्डर घेण्याचं ॲप कंटेनरमध्ये घालून ॲमेझॉनच्या ईकेएसवर, म्हणजे त्यांनी सांभाळलेल्या (‘मॅनेज्ड’) कुबरनेटीसवर, चढवायचं होतं. कुबरनेटीस म्हणजे अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी, सांभाळणारी व्यवस्था. पैसे वाचावेत म्हणून मी टी३ मायक्रो या छोट्या आकाराचे दोन नोड, म्हणजे मशीन, घेतले (अशा नोडच्या गटाला क्लस्टर म्हणतात) आणि ॲपचे तीन पॉड, म्हणजे कंटेनर चालवायची एककं, मागितले. दोन चालू झाले, तिसरा पेंडिंग, म्हणजे जागेची वाट बघत अडकलेला. मी यामल फाइल (काय चालवायचं ते लिहिलेली) चारदा बदलली, पॉड काढून पुन्हा लावला. त्यात अख्खी संध्याकाळ गेली.

शेवटी ‘कुबेक्टल डिस्क्राइब पॉड’ ही पॉडची माहिती दाखवणारी कमांड चालवली आणि खालचे इव्हेंट्स, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, वाचल्या. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: ‘टू मेनी पॉड्स’. ईकेएसच्या नेहमीच्या नेटवर्क मांडणीत प्रत्येक पॉडला खरा आयपी पत्ता मिळतो, आणि एका मशीनला किती पत्ते मिळतील ते तिच्या आकारावर ठरतं. टी३ मायक्रोवर चारच पॉड बसतात. दोन नोडच्या आठ जागांपैकी सहा ईकेएसच्या स्वतःच्या पॉडनीच घेतल्या होत्या: प्रत्येक नोडवर नेटवर्कचा एक आणि सर्व्हिसकडे आलेली वाहतूक पॉडकडे वळवणाऱ्या कुबे-प्रॉक्सीचा एक, शिवाय नावावरून पत्ता शोधणाऱ्या कोअरडीएनएसचे दोन. माझ्या वाट्याला दोनच उरल्या. त्याहून मोठ्या टी३ मीडियमवर मात्र 17 बसतात.

माझे वडील यंत्रमागावर होते. माग थांबला की ते आधी कुठला धागा तुटला ते बघायचे, मगच बटणाला हात लावायचे. त्या संध्याकाळी मी नेमकं उलटं केलं होतं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: ‘मॅनेज्ड’ या शब्दाने निर्धास्त होऊ नका. क्लाउडवाले कंट्रोल प्लेन, म्हणजे क्लस्टरचा मेंदू, सांभाळतात. नोडचा आकार, ॲपची मेमरी आणि बिल तुमच्याकडेच राहतं.

मेमरीचंही तसंच. पुढच्या आठवड्यात एक पॉड सारखा रीस्टार्ट होऊ लागला. एक्झिट कोड 137, कारण ‘ओओएमकिल्ड’, म्हणजे मेमरी संपली म्हणून मारला. मी मेमरीचं लिमिट 128 एमबी ठेवलं होतं आणि महिन्याचा रिपोर्ट काढताना ॲप त्याच्या वर जायचं. अशा वेळी साधे लॉग बघून हाती काही लागत नाही, कारण ते नव्या कंटेनरचे असतात. ‘कुबेक्टल लॉग्ज’ला ‘प्रीव्हियस’ जोडलं की मेलेल्या कंटेनरचे शेवटचे शब्द दिसतात. ही एक सवय लागली तरी नोकरीत दर वेळी कुणाची मदत शोधावी लागणार नाही.

सरावाला ईकेएस लागत नाही. लॅपटॉपवरच छोटं कुबरनेटीस चालवणारं मिनीक्यूब किंवा काइंड पुरतं, आणि पॉड, डिप्लॉयमेंट (किती पॉड चालू ठेवायचे ते सांभाळणारं), सर्व्हिस (पॉडपर्यंत पोचायचा कायमचा पत्ता) तिथेच हाताखालून जाऊ द्या. ईकेएसचं नुसतं कंट्रोल प्लेन तासाला 0.10 डॉलर घेतं, महिन्याला साधारण 73 डॉलर. नोडचे पैसे वेगळे.

तरीही क्लाउडवर केलंच, तर क्लस्टर पुसण्याआधी ‘लोडबॅलन्सर’ प्रकारच्या सर्व्हिसेस, म्हणजे बाहेरून येणारी वाहतूक पॉडमध्ये वाटणाऱ्या, पुसा. क्लस्टर आधी गेलं तर ते लोड बॅलन्सर मागे राहू शकतात आणि मीटर चालूच राहतं. दुसऱ्या दिवशी बिलाचं पान उघडून पुन्हा एकदा बघा.