पाठ ठोकण्याआधी कर्ण मोजा: सुटं आलेलं कपाट घरी जोडताना

तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरात आयकिया सुरू झालं, तेव्हापासून आमच्या ऐरोली-घणसोलीकडे खोक्यातलं कपाट घरी जोडणं नेहमीचं झालंय. खोक्याचा पुठ्ठा अंथरा आणि पत्रकातली चित्रं बघत बाजू जोडा. कॅम लॉकचा, म्हणजे फळीत बसणाऱ्या गोल धातूच्या कुलपाचा, बाण कडेच्या भोकाकडे ठेवा, अर्धा फेरा पुरतो. ड्रिल मशीनने स्क्रू आवळायचा सल्ला मुळीच ऐकू नका. भुश्याच्या फळीतलं भोक एकदा सैल झालं की स्क्रू धरत नाही.

खरी परीक्षा पाठीच्या पातळ फळीची. लोक तिला नुसतं झाकण समजतात. मीही समजलो होतो. माझ्या पहिल्या कपाटाची दारं वर बोटभर फाकायची आणि खाली एकमेकांना घासायची. दोन संध्याकाळी बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवत बसलो. दोष बिजागऱ्यांचा नव्हताच, सांगाडा तिरका असताना मी पाठ ठोकून टाकली होती. मग सगळे खिळे उपटले, तेव्हा फळीच्या कडांचे टवके निघाले ते कायमचेच.

म्हणून सांगाडा पालथा असतानाच टेपने दोन्ही कर्ण मोजा, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखे भरले तर कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. एक लांब भरला, तर त्याच दोन कोपऱ्यांना धरून आत दाबा आणि पुन्हा मोजा. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त मी सोडत नाही. मग चार कोपऱ्यांत एकेक खिळा मारा, परत मोजा, आणि त्यानंतरच बाकीचे. खिळा बाजूच्या फळीच्या जाडीच्या मधोमध जायला हवा, नाहीतर टोक आत कपड्यांच्या बाजूला निघतं. पेन्सिलने रेघ मारून घ्या. आणि हे काम बाल्कनीत करू नका, तिथल्या लादीला पाण्यासाठी उतार असतो, त्यावर सांगाडा पिळतो.

उचलण्याआधी छत बघा: २३६ सेंटीमीटर उंच, ५८ खोल कपाट आडवं जोडून उभं करताना २४३ सेंटीमीटर जागा घेतं.

दारं पाच मिनिटांत बसतील.

शेवटी भिंतीला पट्टी लावाच, लहान मुलं खण ओढून वर चढतात. नव्या टॉवरांतल्या सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ठोकळ्यांच्या भिंतीत साधा प्लग टिकत नाही. हार्डवेअरवाल्याला भिंत कसली आहे ते सांगून त्यासाठीचाच प्लग मागा.