छोट्या क्लबात ब्रिटिश इंडी बँड: आधी स्टेज, मग मिक्सर

खार किंवा लोअर परळच्या क्लबात दीडशे माणसं उभी असली की पीए (प्रेक्षकांसाठीची मुख्य स्पीकर यंत्रणा) कमी पडत नाही, स्टेजवरचाच आवाज जास्त होतो. बारा बाय आठ फुटांत दोन गिटार, बेस, ड्रम आणि गाणारा. एवढ्या जागेत स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि गिटारचा अ‍ॅम्प माइकशिवायच मागच्या भिंतीपर्यंत पोचतात.

बँडकडून इनपुट लिस्ट (मिक्सरला काय काय जोडायचं त्याची यादी) आणि स्टेज प्लॉट (कोण कुठे उभं राहणार त्याचा नकाशा) आधीच मागवून घ्या. ब्रिटिश गिटारवाले बहुधा व्हॉक्स एसी३० हा अ‍ॅम्प मागतात. तो ३० वॅटचा असला तरी वाल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) आहे. खरा गोडवा येतो तोवर आवाज कानठळ्या बसवण्याइतका वाढलेला असतो. त्याऐवजी १५ वॅटचा दिलात तर फरक जेमतेम ३ डेसिबलचा, म्हणजे प्रश्न तिथेच. अ‍ॅम्प स्टेजच्या कडेला आडवा, आतल्या बाजूला तोंड करून ठेवा आणि तिरका उचला. स्पीकर गुडघ्यांवर वाजत असला की वाजवणाऱ्याला ऐकू येत नाही, मग तो नॉब फिरवतच राहतो. एसी३०ची पाठ उघडी असते, तेव्हा मागे जाड पडदा हवा.

वीज ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, ट्रान्सफॉर्मर नको. अडतं ते प्लगवर. त्यांच्या प्लगला तीन चपट्या पिना, आपल्या सॉकेटला गोल भोकं. स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये अर्थिंगची पट्टी बऱ्याचदा नुसती दिखाव्याची असते. मग गिटार घुमते, आणि तारांवर हात ठेवून गाणाऱ्याचे ओठ माइकला लागले की झटका बसतो. घुमणं थांबवायला अर्थिंगच काढून टाकणारा माणूस भेटला, तर त्याला आधी स्टेजवरून उतरवा. मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट मोजा. दोन-तीनच्या वर गेले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. बॅकलाइन (स्टेजवरचे अ‍ॅम्प वगैरे) एका सर्किटवर, लाइटचे डिमर दुसऱ्यावर.

साउंड चेकला मुख्य बँड आधी, रात्री सर्वांत आधी वाजणारा बँड शेवटी. म्हणजे त्याचं सामान जागेवरच राहतं. ड्रमला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर एवढे दोनच माइक पुरतात, ओव्हरहेड (वर टांगलेले माइक) सोडून द्या. आवाज आधी मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) हळूहळू चढवा, शिट्टी येते ती फ्रिक्वेन्सी कापा, मगच पीए उघडा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणारा) माइक असेल तर वेज, म्हणजे जमिनीवरचा तिरका मॉनिटर, त्याच्या बरोबर मागे. सुपरकार्डिऑइड असेल तर थोडा बाजूला, कारण तो थेट पाठीमागचंही थोडं ऐकतो.

साउंड चेकच्या वेळी हॉलचा एअर कंडिशनर चालूच ठेवायला सांगा. तो बंद असताना जुळवलेला सूर रात्री गार हवेत हलतो, पावसाळ्यात तर जास्तच. हॉल रिकामा असताना वरच्या सुरांचं जे खणखणीतपण वाटतं, ते माणसं भरली की शोषलं जातं. आधीच कापून टाकू नका.

रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक फक्त बंदिस्त जागेतच चालतो, म्हणून दार सांभाळायला एक माणूस लावा. सिगारेटला बाहेर पडणारी मंडळी ते उघडंच टाकून जातात.

शो संपल्यावर अ‍ॅम्प लगेच टेम्पोत चढवू नका. गरम वाल्व्ह धक्क्याने फुटतात. पंधरा मिनिटं थांबा, तोवर केबल गुंडाळून होतात.