सिगारेट सोडायची ठरली? आधी चिठ्ठी

तारीख ठरवा, लायटर-ॲशट्रे घराबाहेर काढा, घरच्यांना सांगा. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी लिहितोय ते डॉक्टरच्या चिठ्ठीबद्दल. गेल्या वेळी मी थेट मेडिकलमध्ये गेलो. सिगारेटऐवजी चघळायचा २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतो, म्हणून घेत गेलो. दोन महिन्यांची बिलं ऑफिसच्या ग्रुप आरोग्य विमा पॉलिसीत ओपीडीखाली (ॲडमिट न होता घेतलेले उपचार) लावली, ती सगळी परत आली. कारण एका ओळीचं: प्रिस्क्रिप्शन जोडलेलं नाही. मागची तारीख घालून चिठ्ठी कुठलाही धड डॉक्टर देत नाही, मागूही नका. पैसे अडकले म्हणून गम कमी करत आणला आणि दहाव्या आठवड्यात ऑफिसखालच्या टपरीवर पुन्हा उभा राहिलो.

म्हणून पहिला रुपया खर्च होण्याआधी चिठ्ठी. तिच्यावर तुमचं नाव, तारीख, तंबाखूचं व्यसन असं निदान, औषध, मात्रा, किती आठवडे, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट लागते ते डॉक्टरांना खरं सांगा. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर साधारण ४ मिलिग्रॅमचा गम देतात, आणि तो चिठ्ठीवरच मिळतो. मला तोच हवा होता, मी २ चा चघळत बसलो. व्हॅरेनिक्लिनच्या (तलफ कमी करणाऱ्या) गोळ्या तर ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू होतात आणि १२ आठवडे चालतात. त्यामुळे चिठ्ठी त्याहून आधी.

आता पॉलिसी. नेहमीच्या मेडिक्लेमला ॲडमिट व्हावं लागतं, आणि सिगारेट सोडायला कोणी ॲडमिट होत नाही. ओपीडी कव्हर आहे का ते पाहा. मग काय काय वगळलंय त्या यादीत कोड १२ शोधा: दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार. तो तुमच्या ओपीडीला लागू आहे का, हे टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं 'मिळेल सर' क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. नवी पॉलिसी घेताना तंबाखूच्या रकान्यात खरं लिहा. एजंटला 'नाही'वर खूण करू देऊ नका, पुढे हॉस्पिटलचा मोठा क्लेम त्यावरच अडकतो. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करायला ३० दिवस असतात, तेवढ्यात तो रकाना पुन्हा वाचा.

बिल पक्कं, चिठ्ठीवरच्याच नावाचं. गम झिणझिण्या येईपर्यंत हळू चघळून गालात दाबून ठेवायचा, आधी १५ मिनिटं चहा नाही. तलफ आवरेना तर १८००-११-२३५६, सरकारी क्विटलाइन, फुकट. बिलांचे फोटो काढा, क्लेम मुदतीत टाका. आणि हातातली चिठ्ठी संपायच्या आत पुढची चिठ्ठी घ्या.